एकशे वीस शब्द

दर फेब्रुवारीत संचालकांची आयुष्यं
माझ्या टेबलावर येतात.
माणशी एकशे वीस शब्द, फोटो डावीकडे,
वय दोन स्वल्पविरामांच्या मधे.

ही कला मी ओहायोत शिकले नाही.
मिरजेला मावशीच्या स्थळांसाठी
धाकटे मामा बायोडेटा लिहायचे :
निमगोरी, गृहकृत्यदक्ष, शिवणकामाची आवड.
डाव्या पायाबद्दल अवाक्षर नाही.
मी शेजारी बसून शुद्धलेखन तपासायचे.
टोलेडोत फक्त पगार जास्त आहे.

एमरी वार्गा, एकसष्ट, मुख्य कार्यकारी अधिकारी.
एकोणीसशे शहाऐंशीत कंपनीत रुजू,
हिशेब खातं, मग ब्रसेल्स, मग बाटल्यांचा कारभार,
मग सातवा मजला,
जिथून मॉमी नदी गढूळ दिसत नाही, नुसती रुंद दिसते.
'पुनर्रचनेचं यशस्वी नेतृत्व' हे शब्द माझे.
तीन शब्दांत मी नऊशे अकरा माणसं बसवली,
त्यांचे लॉकर,
आणि नदीपलीकडची भट्टी.

काचेची भट्टी सहसा विझवत नाहीत.
पंधरा-पंधरा वर्षं जळत असते, सणवार न पाळता.
विझवलीच, तर निवायला कित्येक दिवस घेते,
आणि आत उरलेली काच दगड होऊन बसते.
मग फोडावी लागते, भट्टीसकट.
हे मला वार्गानेच सांगितलं होतं,
लिफ्टमध्ये, चौथा मजला येईपर्यंत,
भाव सांगावा तसं.

हो, वार्गाने. मी त्याला 'तो'च म्हणायचे.
इंग्रजांचं बरं असतं,
एका सर्वनामात राजाही भागतो आणि रखवालदारही.
आपल्याला दर वेळी ठरवावं लागतं.
घरी भाजी चिरताना नवऱ्याला सांगायचे :
आज तो चिडला, आज त्याने बोनस घेतला.
रागाने नव्हे. फार वर असतात त्यांना,
देवाला, फलंदाजाला,
आपण एकवचनातच ठेवतो.

नोव्हेंबरातला मंगळवार. नऊला बैठक.
दहा वीसला मला निरोप : पान उतरव.
आणि एक तयार वाक्य, 'कुटुंबाला अधिक वेळ देण्यासाठी'.
मी कायदा विभागात यव्हेटला फोन केला.
बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी अलास्कात,
कुठलं कुटुंब?
'वाक्य मंजूर झालंय,' ती म्हणाली.

साडेअकराला तो जिन्याने खाली आला.
ओव्हरकोट हातावर. मागे एचआरचा कोवळा मुलगा,
आपण सोबत नाही आहोत असं दाखवत
कॉफीच्या यंत्राशी उभा.
'जुनं पान छापून मिळेल?'
दिलं.
त्याने ते उभ्या-उभ्या वाचलं,
परक्याचं प्रगतिपुस्तक वाचावं तसं.
'एक ओळ होती. वडिलांची.'

होती. पहिल्या वर्षी त्याने स्वतः पेनाने लिहून पाठवलेली :
वडील याच कंपनीत, नदीपलीकडच्या भट्टीवर,
एकतीस वर्षं वाळू ओढत होते.
शब्द एकशे एकतीस होत होते.
मी यव्हेटचं नाव पुढे केलं,
पण कापली मीच.
पुढच्या वर्षी त्याने विचारलं नाही.
त्याच्या पुढच्या वर्षी भट्टी बंद झाली
आणि मला वाटलं, सुटलो,
आता ती ओळ कोणालाच नको असेल.

'आत्ता घालता येईल,' मी म्हटलं. काय बोलले मी ते!
जागा आता हवी तेवढी होती,
पान नव्हतं.
'नको,' म्हणाला. कागदाची घडी केली,
चार घड्या, जेवणाच्या डब्यात चिठ्ठी ठेवावी एवढी,
आणि खिडकीतून खाली बघितलं.
चौथ्या मजल्यावरून नदी गढूळच दिसते.

संध्याकाळी घरून फोन आला, येताना दूध आण.
म्हटलं, 'आज वार्गा गेले.'
नवरा गप्प. मग हळूच,
'अरेरे. कशाने?'
'नाही, नाही. तसे नाही गेले.
खाली पार्किंगमध्ये आहेत.
गाडीत बसलेत मघापासून,
काचा धुरकटल्यात,
अजून सुरू नाही केली.'